गोड वास

उद्यमबागेच्या मागच्या अंगाला, जिथं रस्ता संपतो
आणि नुसता लोखंडाचा कीस उरतो,
तिथं सात फूट खाली गेलं की
मातीला गोड वास येतो.
ऑगर वर ओढताना अप्पय्या म्हणाला,
"मॅडम, पेढं पुरल्यात काय ओ हितं?"
मी हसले नाही. वास ओळखीचा होता.
शनिवारी बाबा घरी यायचे
तेव्हा त्यांच्या शर्टाला यायचा.

बत्तीस वर्षं त्यांनी व्हॉल्व्हचे सुटे भाग
ट्रायक्लोच्या टाकीत बुडवले, वर काढले.
भागांचं तेल निघायचं. हातांचंही.
पांढरी पडलेली, तडकलेली बोटं;
रात्री आई त्यांना खोबरेल लावायची, न बोलता.
मळलेलं ट्रायक्लो शेडमागच्या खड्ड्यात जायचं.
कुणी सांगितलं होतं ओतायला?
सगळ्यांनीच. कुणीच नाही.
पाण्यापेक्षा जड ते. पाण्याला ओलांडून
जांभ्याच्या भेगांतून खाली खाली गेलं,
आणि मोनाप्पा हुंदऱ्यांच्या विहिरीत पोचायला
त्यानं अकरा वर्षं घेतली. घाई नव्हती त्याला.

माझ्या टेबलावर आता बावीस बाटल्या आहेत,
रबरी बुचांच्या, हवा काढून घेतलेल्या.
आत त्याच खड्ड्याजवळची माती
आणि मातीत ते जीव, हवा लागली की मरणारे.
आपण प्राणवायूवर जगतो, ते क्लोरीनवर:
रेणूला तीन चिकटलेले असतात,
एक सोडवायचा, तेवढ्यावर श्वास,
मग दुसरा.
दर सोमवारी मी सुईनं त्यांना
संकेश्वरकडची पातळ काकवी देते.
वॉचमन म्हणतो, तुमचा नैवेद्य झाला का.

दोन महिन्यांत तिनाचे दोन झाले.
दोनाचा एक.
आणि एकावर सगळं अडलं.
हे पटवून देणं अवघड आहे:
तिन्ही होते तेव्हाचं विष परवडलं,
एकच उरतो तेव्हा ते जास्त वाईट.
सर म्हणाले, रिपोर्टात दोन तृतीयांश काम झालं असं लिहू.
मी पेनाचं टोपण लावून ठेवलं.

मग येळ्ळूरला गेले, भाताच्या खाचरात,
ओढ्याकडेच्या, कधीच न वाळणाऱ्या तुकड्यात.
शेतकरीणबाई सुबव्वा बांधावरून बघत होत्या:
"एवढी चांगली माती वर हाय, आणि तू घाण कशाला काढूलैस?"
कुजट, काळा, अंड्याच्या वासाचा चिखल.
काठोकाठ भरून झाकण गच्च आवळलं.
परतीच्या बसमध्ये कंडक्टरनं विचारलं,
"एनु इदु?"
"मण्णु," मी म्हटलं. मग उगाच, "माती."
"मातीला तिकीट नाही," ते मराठीत म्हणाले
आणि पुढच्या सीटकडे वळले.

दोन चमचे चिखल, एकोणिसाव्या बाटलीत.
पंधरा दिवस काही नाही.
चोविसाव्या दिवशी मशीनच्या कागदावर
रेघ सपाट चालता चालता जराशी उचलली गेली,
मुंगीनं वाळूत केलेल्या ढिगाएवढी.
शेवटचा सुटला होता.
उरला तो नुसता इथिलीन,
अढीतल्या आंब्यांना एकमेकांच्या संगतीनं
पिकवतो तो वायू.

रात्री बाबांना फोन केला. सगळं सांगितलं,
तीन, दोन, एक, बोटांवर मोजल्यासारखं.
बराच वेळ पलीकडे फक्त टीव्ही.
मग ते म्हणाले,
"ते कोण वतलं म्हणून इचारत न्हाईत काय ती?"
"नाही बाबा. त्यांना फक्त श्वास घ्यायचा असतो."
"हं."
परत टीव्ही.
"मोनाप्पाच्या विहिरीवरचा पत्रा वाऱ्यानं उडालाय बघ.
उद्या जाऊन दगड ठेवून येतो."

एकवीस बाटल्या अजून एकावरच आहेत.
सोमवार परवा.
काकवी संपत आली आहे.